चोखोबाचा अभंग म्हणून झाल्यावर

आमच्याकडे सप्ताह असो की साधी महिन्याची एकादशी, चार माळकरी एकत्र बसले की हा विषय कुणीतरी काढतंच. गळ्यात माळ घातलेल्या माणसाने जगाच्या भानगडीत पडावं का? नाम घ्यावं, वारी करावी, कुणाचं वाईट चिंतू नये, झालं की. गावात कुणावर अन्याय होतोय, कुणाला पाणी भरू देत नाहीत, कुणाला कुठे बसवतात, हे बघायला पुढारी आहेत, कोर्ट आहे, संघटना आहेत. मी माळकरी घरातली, माझ्याही गळ्यात माळ आहे, हरिपाठ चुकत नाही, आणि मला हे म्हणणं अजिबात पटत नाही. का पटत नाही ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

सुरुवात पंढरपूरपासूनच करायला हवी. 1 मे 1947. स्वातंत्र्य यायला साडेतीन महिने उरलेत, आणि पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात पांडुरंग सदाशिव साने नावाचा 47 वर्षांचा माणूस उपोषणाला बसलाय. मागणी एकच, विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्यांना जाऊ द्या, आपण ज्याला माऊली म्हणतो त्याच्या पायांवर त्यांनाही डोकं टेकू द्या. गुरुजींना खरं तर 1946 च्या अखेरीलाच बसायचं होतं, पण सेनापती बापटांनी त्यांना थांबवलं आणि आधी महाराष्ट्र फिरा, लोकांना सांगा, मग बसा असं म्हणाले. मग गुरुजी कित्येक महिने फिरले, सेवा दलाची तरुण पोरं बरोबर, गाणी म्हणत, सभा घेत, हात जोडत. त्या दौऱ्यात गावोगावी विहिरी खुल्या झाल्या, देवळं खुली झाली, कुठे मनापासून, कुठे गुरुजी समोर उभे आहेत म्हणून लाजेकाजेने. पंढरपूर मात्र हललं नाही. ‘जाव साने भीमापार, नहीं खुलेगा विठ्ठलद्वार’ अशा घोषणा त्या गावात दिल्या गेल्या, आणि देणारे कुणी देव न मानणारे नव्हते, रोज देवळात जाणारे, सोवळ्यात पूजा करणारे लोक होते.

मला या सगळ्यात सारखे तनपुरे महाराज आठवतात. गुरुजींबद्दल आपण शाळेपासून ऐकतो, पण गाव विरोधात असताना स्वतःच्या मठाचं दार उघडणारा हा वारकरी माणूस, त्याच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. गुरुजी बाहेरून आलेले, उपोषण सुटलं की जाणार. महाराजांना तिथेच राहायचं होतं, त्याच बडव्यांच्या, म्हणजे देवळातल्या पिढीजात पुजाऱ्यांच्या, त्याच व्यापाऱ्यांच्या, त्याच फडांच्या गावात, उद्या त्यांच्याच पंगतीला बसायचं होतं. आणि तरी त्यांनी जागा दिली. श्रद्धावान माणसाने अन्यायासमोर उभं राहायचं म्हणजे काय करायचं असं कुणी विचारलं तर मी आधी हे उदाहरण देईन, कारण प्राण पणाला लावणं सगळ्यांना जमत नाही पण आपल्या ताब्यातलं एखादं दार प्रत्येकाकडे असतं.

गांधीजींनी सुद्धा, त्यांच्यापर्यंत माहिती वेगळीच पोचल्यामुळे, गुरुजींना उपोषण थांबवायला सांगितलं होतं. ज्यांना आयुष्यभर गुरू मानलं त्यांचाच असा निरोप, आणि गुरुजींनी नम्रपणे नाही म्हटलं. हे किती अवघड असेल! शेवटी दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे राजी झाले, आणि 10 मे ला उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. कुणी म्हणेल कायदा होणारच होता तर उपाशी बसायची काय गरज होती. मला वाटतं गरज होती, कारण कायदा सरकार करतं आणि ते सगळ्यांना सारखंच सांगतं, पण भाविकाला भाविकानेच तोंडावर सांगणं की अरे आपण हे देवाच्या नावाने करतोय आणि हे पाप आहे, ते सरकार करू शकत नाही.

आता त्याच देवळाच्या महाद्वारापाशी या. नामदेव पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. चोखामेळा मंगळवेढ्याचे, जातीने महार, गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून त्याखाली गेले, परंपरेने ते साल 1338 सांगतात, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर ठेवल्या. जिवंतपणी ज्याला आत घेतलं नाही त्याची समाधीही दाराबाहेरच. त्यानंतर सहाशे वर्षं अस्पृश्य वारकरी आळंदी-देहूहून, मराठवाड्यातून, विदर्भातून चालत येत राहिले, भीमेत स्नान करत राहिले, आणि चोखोबांच्या समाधीपाशी डोकं टेकवून, कळसाला हात जोडून परत जात राहिले. सहाशे वर्षं! किती पिढ्या ते मोजू नये, मोजलं की जीव गुदमरतो.

आणि या सहाशे वर्षांत आपण, म्हणजे आत जाऊ शकणारे वारकरी, काय करत होतो? चोखोबाचे अभंग म्हणत होतो. हे मी रागाने म्हणत नाहीये, मला ते खरंच समजून घ्यायचंय. कारण तक्रार लपलेली नव्हती हो. ती आपल्याच गाथेत होती, चालीवर बसवलेली, टाळ-मृदंगावर रोज म्हटली जाणारी. चोखोबांनी स्वतः कुठे कुठे आपल्या जन्माचं कारण मागच्या जन्मीच्या कर्मात शोधलंय, पण त्यांच्याच घरात सोयराबाई थेट विचारते, ‘देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म’, आणि मुलगा कर्ममेळा तर देवालाच धरतो, ‘आमुची केली हीन याती, तुज का न कळे श्रीपती’, आणि पुढे म्हणतो, जन्म गेला उष्टे खाता, लाज न ये तुमच्या चित्ता. देवाला लाज वाटत नाही का, असं विचारणारा पोरगा आपण संत म्हणून पुजतो. एकाच घरात बापाचा स्वीकार, आईचा सवाल आणि मुलाचा संताप, आणि तिन्ही आपण गोळा करून जपून ठेवलं. त्यामुळे आम्हाला माहीतच नव्हतं असं म्हणायला वारकऱ्याला जागाच नाही. तुकोबांचं ‘भेदाभेद भ्रम अमंगळ’ तर पोराटोरांना पाठ आहे.

मग अडलं कुठे? मला वाटतं अडलं ते त्या रडण्यात. आमचं गाव मंगळवेढ्यापासून फार लांब नाही, आमच्याकडे सप्ताहात एक कीर्तन चोखोबांवर असतंच. बुवा चांगले असतील तर असा प्रसंग रंगवतात, ती पडलेली भिंत, हाडांना कान लावणारे नामदेव, हाडातून येणारा विठ्ठल विठ्ठल आवाज, की मांडवातल्या बायका पदर डोळ्याला लावतात, पुरुष खाली बघतात, मी पण रडलेय. आणि ते रडणं खोटं नसतं. पण रडून झालं की मन हलकं होतं, वाटतं की आपण चोखोबाच्या बाजूचे झालो, आपलं काम झालं. मांडवाच्या बाहेर काय चाललंय ते बघायची गरजच उरत नाही. समाजशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या होत्या तेव्हा त्यांनीही नोंदवून ठेवलंय की एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसायचे. गाणं एक आणि चूल वेगळी.

चुलीचंच सांगते. आमच्या सप्ताहात रोजच्या पंगती वेगवेगळ्या घरांकडे असतात, अन्नदाते म्हणून फ्लेक्सवर नावं लागतात, आचारी असतो पण चपात्या लाटायला ज्यांची पंगत त्यांच्या घरच्या, भावकीतल्या बाया येतात, तोच खरा मान असतो. काही वर्षांपूर्वी मातंग वस्तीतल्या एका कुटुंबाने पंगत मागितली. मुलगा एसटीत लागला होता, आईने नवस बोलला होता. मीटिंगमध्ये कुणी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचा काळ गेला हे सगळ्यांना कळतं. म्हणाले, द्या की, पैसे जमा करा, फ्लेक्सवर तुमचं नाव मोठ्ठं टाकू, स्वयंपाकाचं टेन्शन तुम्ही घेऊ नका, आमचे लोक करतील सगळं. ती बाई म्हणाली, बाकीच्यांच्या पंगतीला त्यांच्या घरच्या बाया लाटतात, आमच्या पंगतीला आमच्या लाटतील. मग जी शांतता पसरली ती मला आजही ऐकू येते. मग हळूहळू एकेक आवाज. लोकं जेवणार नाहीत मावशी, अन्न वाया जाईल. म्हातारी माणसं आहेत, त्यांचं मन कशाला दुखवायचं. आम्हाला काही नाही हो, पण शेजारच्या गावाचं भजनी मंडळ येतं. देवाच्या कामात वितुष्ट नको.

पैसे चालत होते, हात चालत नव्हते.

आमची आत्या तिथे बसली होती. सत्तरी ओलांडलेली, शाळा चौथीपर्यंत, हरिपाठ मात्र सगळा तिच्या आवाजावर चालतो, ती नसली की पुढचं चरण कुणी उचलायचं हा प्रश्न पडतो. ती मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाली, “आण्णा, मग यंदापासून चोखोबाचा अभंग माझ्याकडून होणार नाही. सोयराबाईचाही नाही. ह्यांच्या हातची भाकरी चालत नसंल तर त्यांचा अभंग तोंडात घ्यायचा आपल्याला काय अधिकार?” एवढंच बोलली आणि गप्प बसली. भाषण नाही, संविधानाचं कलम नाही. मंडळातले दोन म्हातारे टाळकरी, ज्यांचं मन दुखावेल म्हणून एवढा वेळ सगळे बोलत होते ना, तेच म्हणाले की पहिल्या पंगतीला आम्ही बसतो.

पंगत झाली. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. काही घरं त्या संध्याकाळी आलीच नाहीत, काहींनी उपवास काढला, शेजारच्या गावाचं मंडळ पुढच्या वर्षी फिरकलं नाही आणि त्यांच्याकडची दोन-तीन सोयरिकीची बोलणी थंडावली असं लोक म्हणायचे. आत्याला तोंडावर कुणी काही बोललं नाही पण नवमीला तिला बोलावणारी एक-दोन घरं कमी झाली. आता त्या कुटुंबाचा सप्ताहातला दिवस ठरलेला आहे आणि नव्या पोरांना यात काही विशेष होतं हेही माहीत नाही.

हे मी एवढं सविस्तर सांगितलं कारण ‘भक्तीत राजकारण आणू नका’ हे वाक्य मला व्हॉट्सअॅपवर आठवड्याला एकदा तरी येतं. ज्या दिवशी त्या बाईला पैसे दे पण हात लावू नको असं सांगितलं त्या दिवशी मांडवात राजकारण आलेलंच होतं, आत्याने ते फक्त सगळ्यांच्या देखत ताटात वाढलं. गप्प बसणाऱ्याला वाटतं आपण मधे आहोत, कुणाच्या बाजूचे नाही. पण सहाशे वर्षं महाद्वार बंद ठेवायला बडवे पुरले असते का? आत जाऊन दर्शन घेऊन येणारे आणि बाहेर उभ्या असलेल्यांकडे बघून पुढे चालणारे लाखो भाविक, त्यांच्या गप्प बसण्यावरच तर ते दार बंद राहिलं.

दुसरं एक म्हणणं असतं, ज्याचं त्याचं कर्म, मागच्या जन्मीचं फेडतोय. मला या म्हणण्याची भीती वाटते. स्वतःचं दुःख सोसताना कुणी हे मनाशी म्हणत असेल तर मी काही बोलणार नाही, चोखोबांनीही म्हटलं. पण दुसऱ्याचं दुःख बघताना हेच म्हणायचं, आणि ते दुःख देणारे आपणच असताना म्हणायचं, हे मला देवाची निंदा वाटते.

आणि गप्प बसण्याची किंमत काय झाली हेही बोलायला हवं, कारण ती आपण विसरून गेलोय. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 ला मूकनायक हे पाक्षिक काढलं तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांच्या ओळी होत्या. पुढे बहिष्कृत भारतवर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. म्हणजे हा माणूस आपल्याच संतांच्या शब्दांत आपल्याशी बोलत होता! 2 मार्च 1930 ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो लोक, रामाच्या दारात रामाचं दर्शन मागत, आणि तो वर्षानुवर्षं चालला. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. दार उघडलं नाही. नाशिकसारख्या तीर्थक्षेत्रात रोज गोदावरीत बुडी मारणारे किती आस्तिक असतील, त्यातले मोजके सोडले तर बाकीचे कुठे होते? 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही. आणि 1956 ला नागपुरात लाखोंनी बुद्धाला शरण गेले. तो त्यांचा मार्ग, स्वाभिमानाचा, त्याबद्दल मला आदरच आहे, आणि त्यांना नुसतं देऊळ नकोच होतं, माणूस म्हणून बरोबरी हवी होती हेही मला माहीत आहे. मी बोलतेय ते मागे राहिलेल्यांबद्दल, आपल्याबद्दल. साने गुरुजी 1947 ला बसले तोवर येवल्याला साडेअकरा वर्षं होऊन गेली होती. आपण फार उशिरा जागे झालो आणि तेही एक माणूस मरायला टेकला तेव्हा. गंमत नाही ही, बाबासाहेबांनी 1948 ला अस्पृश्यतेच्या मुळाबद्दल पुस्तक लिहिलं ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलंय. धर्म सोडायचं जाहीर केलेल्या माणसाने चोखोबाला सोडलं नाही.

काहीजण म्हणतात आम्ही समाजासाठी करतोच की, अन्नदान करतो, रक्तदान शिबिर घेतो, वारीत पायांना मालिश करून देतो. करावंच, मीही करते. पण त्यात कुणाशी वाईटपणा घ्यावा लागत नाही. गाडगेबाबांकडे बघा, हातात खराटा, दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला विचारायचं की बाबांनो, कर्ज काढून सण का करता, देवापुढे कोंबडं-बकरं का मारता, माणसाला शिवत का नाही. सेवाही आणि सवालही. पंढरपूरला त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, जिथे अस्पृश्यांना उतरता येईल, आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्यांच्या कीर्तनाला येणारा माणूस घरी जाताना हलका होऊन जात नसणार, काहीतरी घेऊन जात असणार.

हे फक्त हिंदूंचं नाही. वसईला फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, कॅथलिक धर्मगुरू, मराठीतून बायबल दिलं, 2020 च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2024 ला गेले. हरित वसई संरक्षण समितीमार्फत त्यांनी बिल्डर लॉबी आणि पाणी उपसणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्ध लोकांना उभं केलं, धमक्या आल्या तरी मागे हटले नाहीत. वसईच्या बागायती, विहिरी, तळी, हा धर्मगुरूंचा विषय आहे का असं त्यांनाही विचारणारे होतेच. पण पाद्री असल्यामुळे त्यांचं ऐकलं गेलं, लोक घराबाहेर पडले, हे नाकारता येत नाही. देव मानणाऱ्या माणसाच्या शब्दाला देव मानणाऱ्या लोकांत एक वजन असतं, ते वापरायचं की पेटीत ठेवायचं एवढाच प्रश्न आहे.

एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते. हे भांडण आधी आपल्या माणसांशी करायचं. दुसऱ्या धर्मात किती अन्याय आहे यावर बोलणारे भाविक मला रोज दिसतात, त्यांना तिथल्या बायकांची, तिथल्या गरिबांची फार काळजी असते. 2016 ला शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्या म्हणून हायकोर्टाला सांगावं लागलं तेव्हा हेच लोक परंपरा परंपरा करत होते. गुरुजी आपल्या विठ्ठलासाठी आपल्या लोकांसमोर उपाशी बसले. आत्या आपल्याच भावकीशी बोलली. दुसऱ्याच्या घरातलं बोलायला काही पणाला लावावं लागत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नाही.

आता आमच्या गावात पुढचा विषय स्मशानभूमीचा आहे. दोन आहेत. एकीला शेड आहे, पत्रे आहेत, जायला सिमेंटचा रस्ता आहे, पाण्याची टाकी आहे. दुसरी ओढ्याच्या पलीकडे, पावसाळ्यात तिरडी खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, शेड नाही, सरपण भिजतं. कुठली कुणाची ते सांगायला नको. ज्या मांडवात आपण रोज ‘अवघा रंग एक झाला’ म्हणतो त्या मांडवात येणारी माणसं मेल्यावर दोन वाटांनी जातात. यंदा सप्ताहाच्या मीटिंगमध्ये मी हा विषय काढणार आहे, एकच स्मशानभूमी सगळ्यांना, असा ग्रामपंचायतीचा ठराव व्हावा आणि मंडळाने सह्यांसकट तो मागावा. आत्याने सही देते म्हणून सांगितलंय, त्या दोन टाळकऱ्यांपैकी एक आता राहिले नाहीत, दुसऱ्यांना भेटायला पुढच्या आठवड्यात जातेय. कुणाच्या गावात हे झालं असेल तर कसं केलंत, ठरावात नेमकं काय लिहिलंत, विरोध कुठून आला आणि पहिला अंत्यविधी कुणाचा झाला, ते मला जरूर कळवा, मीटिंगच्या आधी हातात असलेलं बरं.